स्टॉपरला पार्टनर लागतो

"किती गोल मारलेस?" हा प्रश्न मला बँकेत, लग्नात, एसटीत सगळीकडं विचारून झालाय आणि मी स्टॉपर, म्हणजे मधला डिफेंडर, आहे म्हणलं की समोरचा "बरं बरं" म्हणून विषय बदलतो. डिफेंडरचं असंच असतं, सांगायला आकडाच नाही. पेपरात नाव येतं ते कार्ड मिळाल्यावर, नाहीतर "बचावफळीतील ढिलाईचा फायदा उठवत" ह्या वाक्यात, आणि तिथं पण नाव नसतंच, नुसती फळी असते. ह्या फळीत जवळपास वीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी पगारी. हल्लीची पोरं विचारतात एवढा टिकलास कसा, डाएट काय, जिम काय. मी म्हणतो मला पार्टनर, म्हणजे शेजारचे स्टॉपर, चांगले मिळाले. त्यांना वाटतं हा माणूस टाळतोय. म्हणून म्हणलं नीट लिहूनच काढू.

मी कोल्हापूरचा. तालमीचं नाव सांगत नाही, उगाच पेठेत वाद नको. बाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडं फुटबॉल क्लबचा नसतो, तालमीचा असतो. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस ही नावं पोरगं शाळेत जायच्या आधी शिकतं, आणि सिझन सुरू झाला की शाहू स्टेडियमवर मोठी मॅच असेल त्या दिवशी पेठेत दुपारनंतर माणूस सापडत नाही. मी पण आधी फॉरवर्डच होतो, सगळेच असतात. दहावीच्या सुमारास एकदम उंची वाढली आणि तालमीतल्या जाणत्या लोकांनी बघितलं की हे पोरगं हेडिंगला घाबरत नाही, झालं, मागं ढकललं. रागच आला होता लई. मागं उभं राहायचं म्हणजे शिक्षाच वाटायची तेव्हा.

आमची प्रॅक्टिस गांधी मैदानावर. पावसाळ्यात त्याचं तळं होतं, आणि मुळात ते तळंच होतं, वरुणतीर्थ, त्यामुळं पाण्याला दोष देता येत नाही. तिथं मला पहिला पार्टनर मिळाला, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणायचो. शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला, रात्रपाळी करून आंघोळ न करताच ग्राउंडवर यायचा, कानामागं काळी पूड तशीच. उंचीनं माझ्या खांद्याला, पळायला बेताचाच, पण त्याच्या बाजूनं कोण सुटून गेलंय असं फार बघितलं नाही. त्यानं मला टॅकल शिकवला नाही, हेडिंग शिकवलं नाही, बोलायला शिकवलं. म्हणायचा, पार्टनरशी बोलायचं तर तीनच शब्द. "मी" म्हणजे बॉलवर मी जाणार, तू माझ्या मागं तिरका ये. "तू" म्हणजे तू जा, मी मागं आहे. "सोड" म्हणजे कीपर आलाय, दोघांनी पण हात लावायचा नाही. बाकी शिव्या काय द्यायच्या त्या मॅच झाल्यावर.

ऐकायला सोपं वाटतं पण स्टेडियम भरलेलं असताना, हलगी वाजत असताना, बॉल हवेत असताना तोंडातून शब्द काढून बघा. बॉल खाली यायच्या आत म्हणायला लागतो. बॉल आल्यावर दोघं एकदम "मी मी" ओरडले की डोकी आपटतात, माझ्या भुवईवरचे टाके त्याचेच आहेत. दादा तर बॉल समोरच्या विंगरच्या पायात असतानाच, क्रॉस मारायच्या आधीच "तू" म्हणून मोकळा. मला वाटायचं ह्याला अंदाज येतो. अंदाज वगैरे नसतो, मान फिरती पाहिजे. बॉलकडं बघायचं, लगेच मागं आपल्या माणसाकडं बघायचं, परत बॉल. जो डिफेंडर नुसता बॉल बघतो त्याच्या पाठीमागून माणूस गेलाच म्हणून समजा.

२००३ च्या जुलैत ईस्ट बंगालनं जकार्तात आसियान क्लब कप जिंकला, फायनलला थायलंडच्या बीईसी तेरो सासनाला ३-१ नं हरवून. आमच्या इथं त्याची लई चर्चा, सगळी भुतिया आणि ओकोरो ह्या स्ट्रायकरांची. मला मात्र एकच गोष्ट लागून राहिली की त्या टीमच्या डिफेन्समध्ये मडगावचा महेश गवळी आहे. गवळी म्हणजे आपल्या पंचक्रोशीतलाच वाटायचा की. आणि त्याच वर्षी मी मुंबईला ट्रायल द्यायला गेलो, एका बँकेच्या टीमची, नाव नको.

ट्रायलमध्ये स्ट्रायकर लोकांचं बरं असतं, एक गोल बसला की निम्मं काम झालं. डिफेंडरनं काय दाखवायचं? तुमच्या बाजूला बॉलच आला नाही तर निवडणारा तुम्हाला बघणारच नाही, आणि आला आणि तुम्ही साधेपणानं काढून दिलात तरी कुणी मान वर करत नाही. बरेच जण मग दाखवायला म्हणून लांबून पळत येऊन आडवे टॅकल मारतात. मला बिब दिली आणि एका काळ्या-सावळ्या, आडव्या अंगाच्या पोराशेजारी उभं केलं. गोव्याचा, मराठी तोडकीमोडकी, माझं कोंकणी शून्य. शिट्टी व्हायच्या आधी मी त्याला दादाचे तीन शब्द सांगितले. तो हसला, म्हणला "बरें पात्रांव", म्हणजे बरं मालक, आणि मॅचभर आम्ही दोघं भांडल्यासारखे ओरडत होतो. बाकीची सगळी ट्रायल गप्प आणि आम्हीच तेवढे बोलतोय. दोघांचं पण सिलेक्शन झालं. पुढं त्या कोचनं सांगितलं, खेळ तुमचा ठीकच होता, पण एकमेकांना ओळखत नसून बोलत होता म्हणून घेतलं.

सुरुवातीला नुसता स्टायपेंड, मग स्पोर्ट्स कोट्यातून क्लार्क. सकाळी प्रॅक्टिस, दुपारी काउंटर. मुंबईचा लोकल सिझन ऐन पावसात चालतो हे कोल्हापूरच्या माणसाला पचायला वेळ लागतो. कूपरेज, परळचं झेवियर्स, आणि बॉल कुठं थांबेल ह्याचा काही नेम नाही. कोरड्या ग्राउंडवर जो थ्रू बॉल कीपरकडं जाणार म्हणून तुम्ही सोडता तो इथं डबक्यात थांबतो आणि स्ट्रायकर त्यावर पोचतो. पावसात "सोड" म्हणायचंच नाही असं आम्ही ठरवूनच टाकलं, जो जवळ आहे त्यानं बाहेर उडवायचा, थ्रो गेला तर गेला.

पार्टनर धोबीतलावला कुडीत राहायचा. कूड म्हणजे गोव्यातल्या एकेका गावाचा मुंबईतला क्लब, पूर्वी बोटीवर नोकरीला जाणारे लोक तिथं उतरायचे. ट्रंका ओळीनं लावलेल्या, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून प्रार्थना म्हणायची, ती चुकवायची नाही. मी रविवारी जायचो तर त्याची प्रार्थना होईपर्यंत जिन्यात बसून राहायचो, मग आम्ही खायला जायचो आणि टेबलावर मीठ-मिरीच्या बाटल्या मांडून कालच्या मॅचवरून भांडायचो. बायकोला पटत नाही, पण त्या काळात मी सगळ्यात जास्त बोललो असेन तर त्याच्याशीच, आणि त्यातलं बरंचसं एकाच विषयावर, ऑफसाइडची लाइन कधी वर न्यायची.

ह्या लाइनबद्दल थोडं बोलतो, कारण टीव्हीवर ते दिसतच नाही, कॅमेरा बॉलमागं असतो. पास सुटताना स्ट्रायकर आमच्या शेवटच्या माणसाच्या पलीकडं असला की तो ऑफसाइड, म्हणून आम्ही चौघं डिफेंडर एका रेषेत राहतो, तीच ही लाइन. समोरच्याच्या पायात बॉल आहे आणि तो मान वर करून बघतोय, त्याच्यावर आपल्या कुणाचं प्रेशर नाही, तर लाइन मागं गेली पाहिजे, नाहीतर तो डोक्यावरून टाकतो. त्यानं मान खाली घातली, पाठ फिरवली किंवा मागं पास दिला की तेवढ्या एका सेकंदात चौघांनी वर सरकायचं. चौघांनी म्हणजे चौघांनी. तिघं वर आणि एक मागं राहिला की त्या एकट्यामुळं सगळे स्ट्रायकर ऑनसाइड. १९९० पासून डिफेंडरच्या बरोबरीत असलेला स्ट्रायकर पण ऑनसाइड धरतात, म्हणजे शंकेचा फायदा आम्हाला नाहीच. म्हणून मधल्या दोघांपैकी एकानंच हाक द्यायची. आमच्यात हाक त्याची होती कारण त्याचा आवाज मोठा, चर्चमध्ये गायचा.

२००५-०६ ला मुंबईच्या महिंद्रा युनायटेडनं नॅशनल लीग जिंकली. कोच डेरिक परेरा, स्वतः एकेकाळचा डिफेंडर, आणि टीममध्ये गवळी. कूपरेजला त्यांच्या मॅच असल्या की आम्ही दोघं ऑफिसातून सटकून स्टँडमध्ये. आम्ही बॉल बघायचोच नाही, गवळीकडं बघत बसायचो, शेजारचे लोक गोल झाला म्हणून उभे राहायचे आणि आम्हाला कळायचं नाही कुणी मारला. बॉल दुसऱ्या टोकाला असताना हा माणूस काय करतो ते बघण्यासारखं होतं. उभं राहणं तिरकं, छाती कधी पूर्ण बॉलकडं नाही, हात सारखे चालू, ह्याला पुढं ढकल, त्याला आत ओढ. पुढं तो गोव्याच्या डेंपो क्लबला गेला, तिथं समीर नाईक होता, डेंपोत वर्षानुवर्षं मुरलेला. कोच आर्मांदो कोलासोंच्या हाताखाली डेंपोनं २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ अशा आय-लीग घेतल्या त्या काळातला डिफेन्स म्हणजे ही दोन नावं. लोकांना रँटी मार्टिन्सचे गोल आठवतात. बरोबर आहे, आठवावेतच तसे गोल होते. पण गोव्यातला कुठलाही जुना स्टॉपर गवळीचं नाव एकट्याचं घेत नाही, नाईक जोडूनच घेतो. इटलीच्या मालदिनीचं पण तेच, मिलानसाठी पंचवीस सिझन, ९०२ मॅच, पण त्याची सुरुवातीची वर्षं बरेसीच्या शेजारी गेली हे विसरून कसं चालेल.

२०११ ला माझा गुडघा गेला. कुणी धक्का दिला नाही, काही नाही, वळलो आणि स्टड चिखलात तसाच राहिला. टक्क असा आवाज आला, पलीकडच्या स्ट्रायकरनं पण ऐकला. रात्रीत गुडघा नारळाएवढा. एमआरआय, एसीएल म्हणजे गुडघ्यातलं एक लिगामेंट, ते फाटलेलं. मांडीमागचा हॅमस्ट्रिंगचा टेंडन काढून त्याचं नवीन लिगामेंट बनवतात आणि हाडात बोगदा पाडून बसवतात, हे डॉक्टरनं कागदावर काढून दाखवलं तेव्हा माझ्यापेक्षा आईच जास्त लक्ष देऊन बघत होती. ऑफिसनं मेडिकलचं बिल अडवून धरलं, खेळताना झालं की ड्युटीवर झालं ह्यावर कागद फिरत राहिले, म्हणजे ज्यांच्यासाठी खेळताना झालं तेच विचारतायत. सुटलं नंतर, पण डोक्यात राहतं.

ऑपरेशनपेक्षा पुढचं अवघड. बाहेरच्याला वाटतं गुडघा वाकवायला शिकायचं असतं. आधी तो पूर्ण सरळ व्हायला पाहिजे. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघा खाली दाबायचा, मांडीचा स्नायू घट्ट करून धरायचा, सोडायचा, परत. दिवसभर हेच. मांडी इतकी बारीक झाली की पँट एका बाजूला ढिली. मग सायकल, मग चालणं, मग सरळ रेषेत जॉगिंग, आणि दिशा बदलणं सगळ्यात शेवटी, आणि डिफेंडरचा तर सगळा धंदाच दिशा बदलायचा, उलटं पळत जायचं आणि एकदम वळायचं. त्यात प्रत्येक भेटायला येणारा सांगायचा, अरे तो बरेसी बघ, १९९४ च्या वर्ल्ड कपला गुडघ्याचं ऑपरेशन करून त्याच वर्ल्ड कपची फायनल खेळला. खेळला, आणि काय खेळला, पण त्याचं मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातली गादी, होतं, एसीएल नव्हतं, आणि हा फरक समजावून समजावून मी दमलो. पुढं २०१९ ला इंडियाच्या स्टॉपरचं, संदेश झिंगनचं, एसीएल गेलं तेव्हा निदान आपल्या लोकांना ते नाव तरी कळलं. अख्खा एक सिझन गेला त्याचा पण.

ह्या सगळ्यात पार्टनर दर आठवड्याला यायचा. आमच्या मॅचचा हिशोब द्यायचा आणि नव्या जोडीदाराला शिव्या द्यायचा. मी परत उतरलो तेव्हा त्यानं न विचारता जागा बदलली. आधी मी डावीकडचा स्टॉपर, पण डाव्या पायावर वळायला मला भीती वाटते हे त्यानं प्रॅक्टिसमध्येच हेरलं, पहिल्या मॅचला सरळ माझ्या जागेवर जाऊन उभा राहिला आणि मला म्हणला तू तिकडं जा. कोचनं टचलाइनवरून विचारलं काय चाललंय, ह्यानं ऐकलंच नाही असं दाखवलं. माझी पुढची सगळी वर्षं त्या एका बदलावर निघाली असं मी मानतो. पूर्वी मी सुटलेल्या बॉलमागं पळून गाठायचो, आता ते गेलं, मग दोन पावलं आधीच मागं सरकून उभं राहायला लागलो, आणि पुढं जाऊन बॉल हिसकावायचं काम त्याचं.

तोपर्यंत मुंबईतलं ऑफिस फुटबॉल आटत चाललं होतं. महिंद्रानं २०१० ला टीम बंद केली तेव्हाच सगळ्यांना कळून चुकलं होतं, बाकीच्यांचं हळूहळू झालं, भरती बंद, जुने रिटायर, टीम कागदावर. २०१४ ला आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, आलं, टीव्हीवर दिवे वगैरे, पण आमच्या वयाच्या लोकांना त्याचा काही उपयोग नव्हता. पार्टनरला गोव्यात ट्रान्सफर मिळाली. मी कोल्हापूरची मागितली, मिळाली, आणि तिशी ओलांडलेली असताना परत तालमीत. दादा आता स्टँडमध्ये.

कोल्हापूरचा फुटबॉल तोवर बदललेला. परदेशी प्लेअर आले होते, बहुतेक नायजेरियन, आणि त्यांना मार्क करणं हा वेगळाच विषय आहे. आमची पोरं त्यांच्या पाठीला चिकटायची, आणि नेमकं तेच त्यांना पाहिजे असतं. तुम्ही चिकटला की तो तुमच्यावर रेलतो, तुमचं वजन वापरूनच वळतो आणि तुम्ही जमिनीवर. अर्धा हात अंतर ठेवायचं. त्याला पाठीवर आपण कुठं आहे ते कळू द्यायचं नाही. बॉल घेऊ दे, फक्त तोंड गोलकडं होऊ द्यायचं नाही, आणि वळलाच तर त्याच्या कमजोर पायाकडं. उडी मारताना त्याच्याबरोबर मारायची नाही, त्याच्याआधी मारायची, तो मग आपल्या खांद्याखालून वर येतो आणि त्याला ताकद लावता येत नाही. हे सगळं खरं, पण ह्यातलं काहीच जमत नाही जर हेडिंगनंतर सुटलेला बॉल उचलायला मागं पार्टनर नसेल. त्याच्याशी भिडणारा एक आणि मागं झाडू मारणारा एक.

माझा शेवटचा पार्टनर एकोणीस वर्षांचा होता. कोल्हापूरचाच फॉरवर्ड अनिकेत जाधव २०१७ ला अंडर-१७ वर्ल्ड कप खेळून आल्यापासून आमच्या सगळ्या पोरांना फॉरवर्डच व्हायचंय, हा एकटा आपणहून स्टॉपर. बॉल पायात मस्त, माझ्यापेक्षा कितीतरी चांगला, पण मॅचभर तोंडातून शब्द नाही. त्यात २०१९ ला गोल किकचा नियम बदलला, बॉल डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या पेनल्टी चौकोनाच्या, बाहेर जायची गरज उरली नाही, डिफेंडरनं डीतच घेतला तरी चालतो. आमच्या नव्या कोचला हौस, कीपरनं छोटा पास द्यायचा आणि आम्ही दोघांनी मागून खेळत यायचं. शाहू स्टेडियमवर हे करून बघा! पहिला छोटा पास झाला की अख्खी गॅलरी "उडीव की रं!" म्हणून उठते, दुसऱ्याला आई-बहीण. पोरगं शांतपणे बॉल घेऊन वळायचं, मी म्हातारा मात्र घामाघूम. पण त्यामुळं त्याला बोलायला लागलं, कारण डीत पाठ करून बॉल घेणाऱ्याला मागं कोण येतंय ते दुसऱ्यानंच सांगावं लागतं. मी सांगायचो, मग तो सांगायला लागला. "मी, तू, सोड" त्यानं पण उचललं, फक्त "सोड"च्या जागी "कीपर" म्हणतो, चालतंय.

२०२० च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं तेव्हाच शरीरानं सांगितलं होतं, तरी लॉकडाऊननंतर थोडं खेळलो. मॅचनंतर दोन दिवस जिना उतरताना कठडा धरायला लागायचा, बँकेत लोक विचारायचे साहेब पडलात काय. एका सिझनला नाव नोंदवलं नाही, एवढंच झालं, हार वगैरे काही नाही. कोचिंगचं डी लायसन्स करून घेतलं, तिथं पण बाकीचे सगळे पासिंगच्या ड्रिल मांडत होते आणि मी शंकू लावून चौघांची लाइन वरखाली करत बसलो होतो, इन्स्ट्रक्टर म्हणला थोडं अटॅकिंग पण दाखवा सर.

परवा त्या पोराचा रात्री फोन, उद्या सेमीफायनल, समोर नवीन फॉरेनर आहे, उंच आहे, काय करू. मी म्हणलं तू काय करणार ते राहू दे, तुझ्याशेजारी उद्या कोण आहे? म्हणला, नवीन पोरगं आहे, अठराचं, आजपर्यंत बेंचवरच होतं. म्हणलं मग मला कशाला फोन केलायस, त्याला कर.

म्हणला, नंबर नाही. मी तालमीच्या ग्रुपवरून शोधून पाठवला.